मद्यपी वाहनचालक आणि उपचार-न्यायालय: समुपदेशकाने न्यायालयाला नेमके काय कळवावे?

समुपदेशक_मानकापूर (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरातील एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून काम करते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ खाली (दारू पिऊन वाहन चालवल्याबद्दल), त्यातही दुसऱ्यांदा, पकडल्या गेलेल्या वाहनचालकांचे वकील अलीकडे आमच्याकडे येतात आणि अशिलाच्या नावाने ‘उपचार सुरू आहेत’ असे पत्र मागतात. ते पत्र पेशीच्या दिवशी न्यायालयात सादर होते, दंड भरला जातो आणि तो गृहस्थ पुन्हा केंद्राकडे फिरकत नाही. पत्र नाकारावे तर उपचाराची एखादी खरी संधी हातची जाते, आणि द्यावे तर आपला उपयोग केवळ शिक्षा सौम्य करून घेण्यापुरता होतो, असा हा पेच आहे.

अमेरिकेत अशा चालकांसाठी उपचार-न्यायालये, म्हणजे न्यायाधीशांच्या देखरेखीखाली व्यसनोपचार करवून घेणारी न्यायालये, चालतात आणि त्यांच्या कामकाजात समुपदेशकांचाही सहभाग असतो, असे वाचनात आले. तेथे समुपदेशक न्यायालयाला काय सांगतो आणि काय सांगत नाही? रुग्णाने बैठकीत ‘परवा घेतली होती’ असे कबूल केले, तर ते न्यायाधीशांच्या कानी जाते का? आपल्या कायद्यात यातले काही करता येण्याजोगे आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मूळचा_धंतोलीचा

मी नागपूरचाच, सध्या अमेरिकेत अशाच एका न्यायालयाच्या समन्वयाचे काम करतो, त्यामुळे आपल्या पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

अमली पदार्थांच्या प्रकरणांसाठीचे पहिले उपचार-न्यायालय १९८९ मध्ये फ्लोरिडातील मायामी येथे सुरू झाले, आणि मद्यपी वाहनचालकांची न्यायालये त्याच धर्तीवर पुढे निघाली. या क्षेत्रातील व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना १९९४ मध्ये स्थापन झाली असून २०२३ पासून ती ‘ऑल राइज’ या नावाने काम करते. तिने ठरवलेली मानके बहुतेक ठिकाणी प्रमाण मानली जातात. मद्यपी चालकांच्या न्यायालयात बहुधा गुन्हा शाबीत झाल्यानंतरच प्रवेश मिळतो, म्हणजे उपचार पूर्ण केले म्हणून खटला पुसला जात नाही. पहिल्यांदा चुकलेला, एरवी फारसा न पिणारा माणूस येथे घेतच नाहीत, कारण ज्याला पुन्हा तेच करण्याचा धोकाही जास्त आणि उपचाराची गरजही जास्त, त्याच्यासाठीच ही एवढी यंत्रणा उभी केलेली असते.

न्यायाधीश, सरकारी वकील, बचाव पक्षाचे वकील, परिविक्षा अधिकारी (न्यायालयाने अटींवर सोडलेल्या दोषींवर देखरेख ठेवणारा), पोलीस प्रतिनिधी, समन्वयक आणि उपचार करणारी संस्था असे सर्वजण सुनावणीच्या आधी एकत्र बसून प्रत्येक प्रकरणाचा आढावा घेतात. सुरुवातीच्या टप्प्यात सहभागी व्यक्तीला साधारण दर पंधरवड्याला न्यायालयासमोर यावे लागते, आणि न्यायाधीशांनी प्रत्येकाशी किमान तीन मिनिटे तरी बोलावे, असे मानक सांगते. तीन मिनिटे हा वेळ किरकोळ वाटेल, पण आपल्या जिल्हा न्यायालयात तारीख घेण्यासाठी उभा राहिलेला माणूस न्यायाधीशांशी किती वेळ बोलतो, हे आठवून पाहावे.

आता मुख्य मुद्दा. या बैठकीत समुपदेशक हजेरी, तपासणीचे निकाल, उपचार-योजनेप्रमाणे प्रगती आणि योजनेत बदल हवा असल्यास तो बदल, एवढेच मांडतो. बालपणीचा आघात, नवरा-बायकोतील वाद, बैठकीत ढाळलेले अश्रू, हे त्याच्या नोंदवहीतच राहते. व्यसनोपचाराच्या नोंदी गोपनीय ठेवण्याविषयी तेथे स्वतंत्र संघीय नियम आहेत. न्यायालयाला काय कळवले जाईल हे लिहून रुग्णाची लेखी संमती आधीच घेतली जाते, आणि त्या नोंदी त्याच्याविरुद्ध नवा खटला भरण्यासाठी वापरण्यावर कडक निर्बंध आहेत.

‘परवा घेतली होती’ ही कबुली उपचार-योजनेशी संबंधित असल्याने ती न्यायालयापर्यंत जाते, आणि तशी जाणार हे रुग्णाला पहिल्या दिवसापासून माहीत असते. तिचा परिणाम काय होतो, ते अधिक महत्त्वाचे आहे. ज्याचे शरीर दारूवर अवलंबून आहे, त्याच्याकडून पहिल्याच महिन्यात पूर्ण संयमाची अपेक्षा धरणे अवास्तव मानले जाते, म्हणून अशा पिण्यावर शिक्षेऐवजी उपचारात बदल केला जातो. मात्र बैठकीला न येणे, तपासणी चुकवणे किंवा खोटे बोलणे या गोष्टी टाळणे त्याच्या हातात असते. त्यांवर तत्काळ, पण सौम्य शिक्षा होते. पिऊन पुन्हा गाडी चालवली तर अर्थातच कुणी सबुरी दाखवत नाही. उपचार वाढवणे ही शिक्षा नव्हे आणि शिक्षा हा उपचार नव्हे, हा भेद संपूर्ण गटाला पाळावा लागतो. तो मोडला की रुग्ण समुपदेशकाला हवालदार समजू लागतो आणि मग त्याच्याकडून काहीच खरे कळत नाही.

सिव्हिल_लाइन्स_वकील

ताई, आपल्या तिसऱ्या प्रश्नाबाबत. आपल्याकडे असे न्यायालय नाही, परंतु त्यातील काही सुटे भाग जुन्या कायद्यांत पडून आहेत.

कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे. (अमेरिकेत बहुतेक राज्यांत ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, म्हणजे आपला कायदा कागदावर अधिक कडक आहे.) उपचाराचा उल्लेख या कलमात कोठेही नाही.

अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र तो आहे. एनडीपीएस अधिनियम, १९८५ च्या कलम ३९ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला, तिच्या संमतीने, शिक्षेऐवजी सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचारासाठी सोडता येते आणि उपचाराच्या परिणामाचा अहवाल एका वर्षाच्या आत न्यायालयापुढे यावा लागतो. दारू त्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर असल्याने आपल्या रुग्णांना त्याचा उपयोग नाही.

उरतो अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८. त्याच्या कलम ४ खाली न्यायालय आरोपीला बंधपत्रावर, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडू शकते, आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट घालण्याचा अधिकार त्याच कलमात शब्दशः दिलेला आहे. देखरेख किमान एक वर्षाची असते. म्हणजे आपल्या वकील मित्रांनी नुसते पत्र जोडण्याऐवजी कलम ४ चा अर्ज द्यावा आणि केंद्राची उपचार-योजना त्याला जोडावी. अपघातात कोणाचा जीव गेला असेल, तर हा मार्ग सुचवू नये. दलबीर सिंह विरुद्ध हरियाणा राज्य या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बेदरकार चालवण्यामुळे झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात परिविक्षेचा लाभ नाकारला होता.

निवृत्त_परिविक्षा_अधिकारी

वकीलसाहेबांनी कलम ४ सांगितले, पण कलम ९ सांगितले नाही. अट पहिल्यांदा मोडली, तर न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते, किंवा पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकते. पन्नास रुपये! १९५८ साली त्या रकमेला काही अर्थ असेल. अमेरिकेतील व्यवस्थेचा सारा जोर छोट्या, झटपट आणि ठरलेल्या परिणामांवर आहे, तर आपल्याकडे एका टोकाला पन्नास रुपये आणि दुसऱ्या टोकाला थेट कैद, मध्ये काही नाही.

दुसरी अडचण मनुष्यबळाची. परिविक्षा अधिकाऱ्याच्या गळ्यात बालकांची प्रकरणे आणि संस्थांच्या भेटी आधीच असतात. शिवाय तेच न्यायाधीश सलग निदान दोन वर्षे असावेत, असे तिकडचे मानक सांगते. आपल्याकडे बदलीचा आदेश आला की नव्या साहेबांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागते.

त्यातल्या त्यात मला हैदराबादचे उदाहरण उपयुक्त वाटते. तेथील वाहतूक पोलीस पकडलेल्या चालकांना गोशामहल येथील प्रशिक्षण संस्थेत कुटुंबीयांसह समुपदेशनाला बोलावतात. त्याला कोणी उपचार म्हणणार नाही, पण पत्नी किंवा वडील समोर बसले की नकाराचा सूर बराच उतरतो. वाडीचा ट्रकचालक असो वा वर्धा रोडवरचा कंपनी अधिकारी, ‘मी काही दारुडा नाही, एकदा सापडलो एवढेच’ हे वाक्य दोघांच्याही तोंडी असते.

मनोविकारतज्ज्ञ_मेडिकल_चौक

दोन वैद्यकीय बाबी थोडक्यात. रोज पिणाऱ्या माणसाची दारू कोठडीत एकाएकी बंद झाली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत थरथर आणि तीव्र भ्रम (डिलिरियम ट्रेमेन्स) होऊन जिवावर बेतू शकते. त्यामुळे ‘दोन दिवस आत ठेवा, शुद्धीवर येईल’ ही सूचना वकिलांनी किंवा कुटुंबीयांनी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. दुसरे, श्वास-तपासणीतून केवळ गेल्या काही तासांतील मद्यपान कळते. लघवीतील ईटीजी (शरीरात मद्यापासून तयार होणारा पदार्थ) तपासणी साधारण तीन दिवसांपर्यंत मागे जाते, पण निकालाची मर्यादा कमी ठेवली, तर हात निर्जंतुक करण्याच्या द्रवामुळेही ती सकारात्मक येऊ शकते. एका निकालावर कोणाला तुरुंगात पाठवू नये.

डायसल्फिराम (दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून दिले जाणारे औषध) न सांगता जेवणातून देण्याचा प्रकार आपल्याकडे अजूनही घडतो. ते धोकादायक आहे. कोणते औषध द्यावे हे न्यायालयाच्या आदेशात लिहिले जाऊ नये, तो निर्णय रुग्ण आणि डॉक्टर यांचा आहे.

समुपदेशक_मानकापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यावरून मी केंद्रासाठी असा मसुदा करावा म्हणते: पहिल्या भेटीतच पत्र द्यायचे नाही, मूल्यमापन आणि ठरावीक बैठका झाल्यावर केवळ दाखल झाल्याची तारीख, हजेरी, तपासण्यांचे निकाल आणि पुढील योजना कळवायची, आणि रुग्ण येणे थांबला, तर तेही न्यायालयाला कळवले जाईल, हे संमतीपत्रात आधीच लिहून घ्यायचे. शेवटचा मुद्दा कायद्यात बसतो का?

सिव्हिल_लाइन्स_वकील

बसतो, संमती स्वेच्छेची असेल तर. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही येतात, त्यामुळे कलम २३ मधील गोपनीयतेचा हक्क आपल्या रुग्णांनाही आहे. संमतीपत्र मराठीत, सोप्या शब्दांत असावे, हिंदी भाषकांसाठी हिंदीतही असावे, आणि कोणत्या न्यायालयाला, कोणत्या प्रकरणात, किती काळासाठी माहिती दिली जाईल हे त्यात नमूद करावे. वकिलाच्या हाती पत्र देण्याऐवजी ते प्रकरण क्रमांक घालून बंद लिफाफ्यात न्यायालयाच्या नावे द्यावे आणि पोच घ्यावी.

मूळचा_धंतोलीचा

एक पुस्ती जोडतो. हजेरी थांबल्याचे पत्र पाठवण्याआधी रुग्णाला एकदा फोन करून तसे सांगावे. त्याचा परवाना न्यायालयाने काढून घेतला असेल, तर कामठीहून किंवा हिंगण्याहून तो केंद्रापर्यंत येणार कसा, हे पहिल्याच मूल्यमापनात विचारून लिहून ठेवावे. आमच्याकडे प्रवासाची सोय हा मद्यपी चालकांच्या न्यायालयांच्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी एक आहे, कारण बैठक चुकण्याच्या कारणांत ही अडचण वारंवार पुढे येते.