बायपासनंतर पायाच्या वणाभोवती काळेपणा, खाज आणि जळजळ

प्रश्न (लाखांदूर तालुका, जि. भंडारा)

माझ्या वडिलांचे वय 63 आहे. 2019 मध्ये नागपूरला त्यांची बायपास शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डाव्या पायाच्या आतल्या बाजूने घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत छेद देऊन शीर काढली होती. छातीची जखम चांगली भरली आणि हृदयाचा त्रास आजवर उद्भवलेला नाही. मात्र पायाच्या वणाच्या दोन्ही बाजूंची कातडी गेल्या दोन-तीन वर्षांत काळपट, कोरडी आणि जाड होत गेली आहे. रोवणीच्या दिवसांत तिथे खाज सुटते आणि खाजवल्यावर पाणी पाझरते. घोट्याच्या आतला भाग बधिर आहे, तरीही रात्री नेमका तिथेच जळजळतो. मागच्या दोन्ही पावसाळ्यांत त्यांना थंडी वाजून ताप आला, पाय लाल होऊन सुजला आणि गावातील डॉक्टरांच्या औषधाने तो उतरला. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने चार दिवस बरे वाटते, नंतर त्रास पूर्वीपेक्षा वाढतो. शेजारचे लोक बिब्बा लावायला सांगतात. शीर काढल्यामुळे आतून काही बिघडले आहे का, आणि बाबांनी बांधीत उतरणे कायमचे थांबवावे का, हे कृपया सांगावे.

उत्तर (त्वचारोगतज्ज्ञ, नागपूर)

प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, परंतु आपण केलेले वर्णन ओळखीचे आहे आणि त्यातील बहुतेक त्रासांवर उपाय आहेत, हे आधी बाबांना सांगावे.

बायपाससाठी काढतात ती पायाची लांब शीर कातडीच्या जवळून जाते आणि गुडघ्याखाली तिला लागूनच कातडीला संवेदना देणारी एक नस असते. शीर काढताना ही नस ताणली किंवा तुटली, तर पोटरीची आणि घोट्याची आतली बाजू बधिर होते. दुखावलेली नस चुकीचे संकेत पाठवत राहते, म्हणून बधिर जागीच जळजळ होते. पहिल्या वर्षात यात बरीच सुधारणा होते, मात्र इतक्या वर्षांनी उरलेला बधिरपणा बहुधा तसाच राहतो. जळजळ झोप मोडत असेल, तर नसेच्या वेदनेवरची वेगळी औषधे असतात. ती हृदयाची चालू औषधे पाहूनच द्यावी लागतात.

कातडी काळी आणि जाड होण्यामागे दुसरे कारण आहे. छेदाबरोबर कातडीखालच्या बारीक लसवाहिन्याही तुटतात, त्यामुळे त्या भागातील पाण्याचा निचरा मंदावतो आणि कोरड्या, ताणलेल्या कातडीवर वणाच्या कडेने इसब धरतो. आपल्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती मात्र तापाची गोष्ट. बायपासनंतर ज्या रुग्णांचा शीर काढलेला पाय पुन्हा पुन्हा लाल होऊन सुजतो, त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत अनेकदा बुरशी सापडते, हे 1980 च्या दशकातच नोंदवले गेले आहे. बुरशीने पडलेल्या भेगांतून जंतू आत शिरतात, आणि निचरा मंदावलेल्या पायात ते लवकर पसरतात. बाबांच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या आहेत का, ते आजच पाहावे. असतील तर त्यांचा पूर्ण उपचार झाल्याशिवाय दर पावसाळ्यातला ताप थांबणार नाही.

मेडिकलमधील मलम बहुधा तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांचे मिश्रण असावे. त्यातील स्टेरॉइड खाज दाबते, पण बुरशी आतल्या आत वाढू देते आणि कातडी पातळ करते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले, ते याच कारणाने. इसबासाठी स्टेरॉइड लागते हे खरे, परंतु कोणते, किती दिवस आणि कोणत्या जागी, हे तपासूनच ठरते. बिब्बा अजिबात लावू नये. त्याच्या तेलाने निरोगी कातडीसुद्धा भाजून फोड येतात.

उत्तर (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

माझ्या सासूबाईंनाही बायपासनंतर असाच त्रास होता, म्हणून घरात काय पाळले ते लिहिते. शेतातून आल्याबरोबर पाय साध्या पाण्याने धुवून प्रत्येक बोटाच्या बेचक्यात सुती कापड फिरवून जागा कोरडी करायची, आणि डॉक्टरांनी दिलेले बुरशीचे औषध चिखल्या दिसेनाशा झाल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत लावायचे. वणाच्या कडेने अंघोळीनंतर ओलसर कातडीवरच साधे व्हॅसलीन लावायचो, बोटांमध्ये मात्र नाही. कडुलिंबाचे कढत पाणी आम्ही बंद केले, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. सासूबाई अजूनही रोवणीला जातात, पण चिखलात दिवसभर उभ्या राहत नाहीत. धुऱ्यावर बसून पेंढ्या पुरवण्याचे काम त्यांच्याकडे असते.

उत्तर (समुदाय आरोग्य अधिकारी, जि. गोंदिया)

साखर तपासली नसल्यास आधी उपकेंद्रात तपासून घ्यावी, कारण मधुमेह असेल तर बुरशी आणि जंतुसंसर्ग दोन्ही हटत नाहीत. सूज उतरावी म्हणून घट्ट मोजे किंवा क्रेप पट्टी मनाने बांधू नये. हृदयाच्या रुग्णांच्या पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद झालेल्या असू शकतात, म्हणून पायाची नाडी तपासल्यावरच मोज्यांचा निर्णय होतो. बसताना पाय उंच ठेवण्यास सहसा हरकत नसते, पण पाय उंच केल्यावर दुखू लागला तर तेही डॉक्टरांना सांगावे. पुन्हा थंडी वाजून ताप आला आणि लाली वर सरकू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वणावर काही आठवडे न भरणारी, कडा उचललेली किंवा सहज रक्त येणारी जखम दिसली, तर तिचा तुकडा काढून तपासणी करावी लागते, कारण जुन्या वणात क्वचित कर्करोगही होतो.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांचा अत्यंत आभारी आहे. बाबांच्या शेवटच्या दोन बोटांमध्ये कातडी पांढरी पडून फाटलेली आहे. वणाकडे पाहताना तिथे आमचे लक्षच गेले नव्हते. मलम बंद केले आहे. सोमवारी साखर तपासून, शस्त्रक्रियेचे कागद आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घेऊन त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेत आहे.

उत्तर (त्वचारोगतज्ज्ञ, नागपूर)

बंद केलेल्या मलमाची रिकामी नळीही सोबत न्यावी. ते थांबवल्यावर पहिले काही दिवस खाज वाढेल, तेव्हा बाबांनी ते पुन्हा सुरू करू नये. चिखल्यांचे औषध दोन्ही पायांना लावावे आणि पाय पूर्ण कोरडे होईपर्यंत यंदाची रोवणी त्यांनी धुऱ्यावरूनच पाहावी.