मदत हवी आहे: घरच्या पीनट बटरच्या मऊ कुकीज दुसऱ्या दिवशी कडक का होतात?

नमस्कार. एरवी मी फक्त वाचायला येते, आज अडलंय म्हणून धागा काढते आहे.

माझ्या आईचं वय ७८. शेंगदाणा म्हणजे तिचा जीव की प्राण, त्यातून लोणावळ्याची चिक्की असेल तर विचारूच नका. पण कवळी बसवल्यापासून चिक्कीचा तुकडा गालात धरून बसते, गूळ विरघळला की एकेक दाणा काढून बशीत ठेवते. मला ते बघवत नाही. म्हणून पीनट बटर कुकीजच्या मागे लागले आहे. कुरकुरीत नकोत. जिभेने टाळूला दाबली तरी मोडेल इतकी मऊ हवी, आणि तीन-चार दिवस तशीच राहायला हवी. घरात अंडं चालत नाही.

आतापर्यंत तीन घाणे झाले. पहिला विकतच्या पीनट बटरचा. आम्ही पार्ल्याचे. पूर्वेचा बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला, पण तोवर लोकलच्या दारात उभं राहिलं तरी तो गोड वास यायचा. पहिल्या घाण्याला ओव्हनमधून जवळपास तसाच वास आला आणि आई हातातलं निवडणं टाकून ओट्यापाशी येऊन उभी राहिली. गरम असताना कुकीज छानच होत्या. सकाळी डबा उघडला तर खुटखुटीत.

दुसऱ्यांदा म्हटलं, विकतचं नको, घरीच करू. पाव किलो दाणे मंद आचेवर कढईत भाजले, चोळून, पाखडून सालं काढली आणि मिक्सरवर फिरवले. आधी कूट झालं, मग त्याचा ओलसर गोळा होऊन भांड्याच्या कडेला बसला. मोटर तापल्याचा वास यायला लागला म्हणून मी तिथेच थांबले. या घाण्याचं पीठ काही केल्या मिळून येईना. काट्याने वर चौकडी दाबायला गेले तर कडांना भेगा पडल्या.

तिसऱ्यांदा दूध वाढवलं. तर वरून केकसारख्या फुगल्या आणि थंड झाल्यावर वातड!

माझं प्रमाण असं: मैदा १२५ ग्रॅम, पीनट बटर १२५ ग्रॅम, बटर ७५ ग्रॅम (अमूलचं, खारं, त्यामुळे वेगळं मीठ नाही), पिठीसाखर १२५ ग्रॅम, खायचा सोडा अर्धा चमचा, दूध दोन मोठे चमचे, तिसऱ्या वेळी चार. १६ लिटरचा ओटीजी आहे, दोन्ही रॉड चालू, १८० अंशांवर १५ ते १७ मिनिटं, म्हणजे वरून सोनेरी रंग येईपर्यंत. ट्रे ओटीजीबरोबर आलेला काळाच.

शेजारच्या काकू म्हणाल्या, पावसाळी हवा आहे, उघड्या ठेव, आपोआप मऊ पडतील. तेही करून पाहिलं. सादळलेलं आणि मऊ यांत फरक असतो, आईने पहिल्याच घासाला ओळखलं.

चुकतंय कुठे? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, सोनेरी रंगाची वाट बघता तिथेच गाडी चुकते आहे. वर रंग येईपर्यंत काळ्या ट्रेवर तळ केव्हाच भाजून निघालेला असतो. ट्रेला बटर पेपर लावा, ओटीजी आधी दहा मिनिटं तापवा, १७० वर ठेवा आणि दहाव्या मिनिटाला बाहेर काढा. कडा धरलेल्या, मध्यभाग फिकट आणि बोट लावलं तर दबणारा, अशा असायला हव्यात. बघून वाटेल की कच्च्या आहेत. वाटू दे. लगेच उचलल्या तर तुटतील. तशाच तापलेल्या ट्रेवर दहा मिनिटं राहू द्या, उरलेलं शिजणं तिथे होतं. माझ्या पहिल्या दहा-बारा घाण्यांत मी हीच चूक केली आहे, म्हणून इतक्या खात्रीने सांगते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण दुसऱ्या घाण्याचं दुखणं वेगळं आहे. गोळा झाल्यावर तुम्ही थांबलात, म्हणजे दाण्यांनी तेल सोडलंच नव्हतं. ते पीनट बटर नव्हे, ओलं कूट. कोरडं कूट बाकीचा ओलावा शोषतं, मग पीठ भुगाळ होणारच. थांबायचं, पण मोटर निवेपर्यंतच. पाच मिनिटांनी कडा खरवडून पुन्हा अर्धा मिनिट फिरवा. असं चार-पाच वेळा केलं की गोळा एकदम सैल पडतो आणि चमच्यावरून पट्टीसारखा ओघळायला लागतो. दाणे कोमट असतानाच वाटले तर लवकर होतं. वर तेल तरंगलं तर ओतून टाकू नका, ढवळून घ्या. विकतच्या बऱ्याच बाटल्यांत ते वेगळं होऊ नये म्हणून घट्ट केलेलं वनस्पती तेल घालतात, घरच्यात ते नसतं.

दुसरं म्हणजे साखर. परदेशी कृतींत ब्राउन शुगर असते, तिच्यातल्या मळीमुळे ओलावा टिकतो. आपल्याकडे काकवी आहे की! एक वाटी साखरेला एक मोठा चमचा काकवी चोळून घ्या. दादरला कोकणी मालाच्या दुकानात मिळते. दूध एकाच चमच्यावर आणा आणि बांधणीला एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला.

प्रतिसाद ३

बटर ओट्यावर ठेवून मऊ करता का? कृतीत लिहिलेलं रूम टेंपरेचर थंड देशातलं असतं. आपल्या ३२ अंशांत बटर वितळायलाच लागतं. बोट दाबल्यावर खड्डा पडला की पुरे. आणि गोळे करून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी चौथा घाणा केला. मिक्सर पाच वेळा थांबवला. पाचव्या वेळी झाकण उघडलं तर खरंच पट्टी पडली, मी आईला बोलावून दाखवलं. काट्याने दाबल्यावर एकही भेग नाही. दहाव्या मिनिटाला बाहेर काढताना हात धजावत नव्हता, इतक्या फिकट दिसत होत्या. पण ट्रेवरच राहू दिल्या.

आज बुधवार. घट्ट झाकणाच्या डब्यात ब्रेडची एक स्लाइस ठेवली होती (हे बहिणीने सुचवलं), ती वाळली, कुकीज मऊच आहेत. आईने दुपारी दोन खाल्ल्या, बशीत एकही दाणा नाही.

तिचं एकच म्हणणं आहे, चिक्कीच्या गुळाची चव हवी. साखर पूर्ण काढून तेवढाच किसलेला गूळ घातला तर पीठ सैल पडेल का? कुणी करून पाहिलं असेल तर प्रमाण सांगा. शनिवारी पुन्हा करणार आहे.