७२चा नियम नैसर्गिक लॉगमधूनच येतो

काही जण म्हणतात, घातांकात क्ष असलेलं समीकरण सोडवताना लॉगचा पाया १० घ्या नाहीतर ई (साधारण २.७१८; हा पाया घेतला की तो नैसर्गिक लॉग), उत्तर एकच येतं. हा मुद्दा मान्य. भागाकारात पाया उडून जातो. पण 'मग नैसर्गिक लॉग शिकायचाच कशाला' हे त्यांचं म्हणणं पटलं नाही. चक्रवाढ व्याजाने पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते काढून बघा. दर ८ टक्के असेल तर १.०८^क्ष = २. दोन्हीकडे नैसर्गिक लॉग घेतला की क्ष = ०.६९३१ ÷ ०.०७७०, म्हणजे ९ वर्षं. सगळी मजा त्या छेदात आहे. ०.०७७० म्हणजे आपला ०.०८ हा दरच, किंचित कमी. पाया १० घेतलात तर तिथे ०.०३३४ येतं, त्यात दर ओळखूही येत नाही.

छेद असा थोडा लहान पडतो म्हणून ६९.३ला (०.६९३१ गुणिले १००, कारण दर टक्क्यांत) दराने भागण्याऐवजी ७२ला भागतात. हाच ७२चा नियम: ७२ ÷ दर = पैसे दुप्पट व्हायची वर्षं. ८ टक्क्यांच्या आसपास हा नियम जवळजवळ अचूक आहे. २ टक्क्यांना मात्र तो ३६ वर्षं सांगतो, खरं उत्तर ३५. आणि इटालियन गणिती लुका पाचोलीच्या १४९४च्या ग्रंथात हा नियम आहे, लॉग मांडणाऱ्या नेपियरचे लॉग मात्र आले १६१४ साली! मला हे फार सुंदर वाटतं.