‘नवअभिजात सरदारांची शिलाचित्रे’ : शीर्षक बरोबर आहे का?

प्रश्न : नेपोलियनच्या काळातल्या सेनानींच्या लिथोग्राफवर, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रांवर, लेख लिहिते आहे. वरचं शीर्षक कसं वाटतं? आत ‘दगडावर कोरलेली व्यक्तिचित्रे’ असंही लिहिलंय.

प्रतिसाद १ : ‘शिलाचित्र’ म्हटलं की भीमबेटकाच्या गुहांतली चित्रंच डोळ्यांपुढे येतात. आणि ‘कोरलेली’ तर काढाच! आलोइस सेनेफेल्डरने १७९० नंतरच्या दशकात शोधलेल्या या पद्धतीत चित्र कोरत नाहीत. घासून सपाट केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढतात. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की शाई तेलकट जागी धरते, ओल्या जागी धरत नाही. एखादा छाप भिंगाखाली धरून पाहा. कोटाच्या काळ्या भागात खडूचे बारीक कण दिसतील. तांब्याच्या पत्र्यावरून घेतलेल्या छापाला कडेने पत्र्याच्या दाबाची खूण असते, ती इथे नसते. आपल्याकडे ‘शिळाछाप’ हा शब्द आहेच. जुन्या छापील पोथ्यांपैकी कित्येक शिळाप्रेसवरच्याच. तोच वापरा.

प्रतिसाद २ : मला ‘नवअभिजात’ जास्त खटकतं. ‘अभिजात’चा मूळ अर्थ कुलीन. म्हणजे ‘नवअभिजात सरदार’ याचा सरळ अर्थ होतो नव्याने कुलीन झालेले सरदार. नेपोलियनने तर १८०८ मध्ये खरोखरच नवी सरदारकी निर्माण केली, त्यामुळे वाचक हमखास फसणार. तुम्हाला म्हणायची आहे ती चित्रशैली : साधी पार्श्वभूमी, रेखीव कडा, रोमन पुतळ्यासारखा स्थिर चेहरा. त्यासाठी ‘नव-अभिजाततावादी शैली’ असं पूर्ण लिहा, लांबलं तरी चालेल. ‘नवशास्त्रीय’ नको, ते गाण्याकडे जातं.

‘सरदार’ मात्र अगदी चपखल आहे. लढणारा आणि मानमरातब असलेला, दोन्ही त्यात येतं. ‘सेनाधिकारी’त दुसरं सुटतं. लज्यूनचंच पाहा. ऑस्टरलिट्झच्या लढाईनंतर हा फ्रेंच अधिकारी म्यूनिकला सेनेफेल्डरकडे गेला आणि १८०६ मध्ये स्वतःच्या हाताने दगडावर कॉसॅक, म्हणजे रशियन घोडेस्वार, काढला. पुढे तो बॅरन, म्हणजे मानाचा सरदार, झाला.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. ‘व्यक्तिचित्र’ ठेवू की ‘तसबीर’?

प्रतिसाद २ : तसबीर. व्यक्तिचित्र म्हटलं की लेखही डोळ्यांपुढे येतो. हे कागद चौकटीत घालून भिंतीवर लावता येतात. ‘सरदारांच्या शिळाछाप तसबिरी’ एवढंच शीर्षक द्या, शैलीचं नाव पहिल्या परिच्छेदात येऊ दे.