ऑइल कूलरला जाळी लावायची का नाही?

सातपूरकर: माझी बाईक हिमालयन ४११, २०१८ ची. परवा कसारा घाट चढून भर पावसात नाशिकला आलो, रविवारी धुवायला काढली तर ऑइल कूलरमध्ये (इंजिनाचं तेल हवेने गार करणारी ती पुढची जाळीदार पेटी) चिखल गोवरीसारखा वाळून बसलेला आणि खालच्या कोपऱ्यातल्या आठ-दहा फिन, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्या, आडव्या. पण त्या खडीने नाही वाकल्या, मागच्या महिन्यात वॉशिंग सेंटरच्या पोराने प्रेशर गन पार टेकवून मारली होती, माझ्या डोळ्यांसमोर. अॅल्युमिनियमच्या फिन त्या, नखाने दाबल्या तरी वाकतात. म्हणून माझं मत, जाळीचा खर्च फालतू, धुवायचं नीट शिका.

घाटवाला: अजिबात पटलं नाही भो. दिंडोरी रोडला खडीच्या डंपरमागे कधी अडकलायस का? फिन वाकली तर सरळ होते, पण कूलरमधल्या तेलाच्या ट्यूबला दगड बसून भोक पडलं की तेल सगळं रस्त्यावर, लक्षात येईपर्यंत इंजिन जाम. नवीन कूलरपुढे जाळीचे पैसे म्हणजे चहापाणी.

सातपूरकर: अरे पण आपल्या कूलरला पंखा नाही, गाडी पळाली तरच हवा लागते. आधीच द्वारकेच्या सर्कलला उभं राहून इंजिन तापतं, त्यात पुढे जाळी आणि जाळीत चिखल.

पंचवटी_रायडर: मी तर खिडकीची डासांची जाळी कापून लावली होती 😂 त्र्यंबकला जाऊन आलो, भोकं सगळी बुजली, जाळी कसली, पाटी झाली ती. मोठ्या भोकांची घ्या नाहीतर राहू द्या.

अंबडवाला: पल्सर २२०, बारा वर्षं झाली, जाळी नाही काही नाही.

घाटवाला: घर ते एमआयडीसी जाणाऱ्याला कशाला लागतेय जाळी.

जुनं_गॅरेज: भांडण नंतर करा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मग शाम्पूचं पाणी मारून चिखल भिजत ठेवा, रंगाच्या मऊ ब्रशने फिनच्या दिशेनेच ओढा, आडवा नाही. साध्या नळीचं पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे सोडा, म्हणजे घाण आली तशी परत जाते. अॅसिड लावू नका, अॅल्युमिनियम खातं ते. वाकलेल्या फिन लाकडी टूथपिकने हळू उचला, स्क्रूड्रायव्हर घातलात तर ट्यूबच फोडाल. आणि पुढच्या मडगार्डला खाली रबर वाढवा, निम्मा चिखल तिथेच थांबतो, याबद्दल मात्र कोणीच बोलत नाही.

सातपूरकर: हेच म्हणतोय मी! रबर आजच बघतो. आणि घाटवाले, जाळीमागचं साफ करायला आधी ती खोलावी लागते ना? शेवटची कधी काढली होती?

घाटवाला: ...दिवाळीला.

सातपूरकर: कुठल्या?