मदत हवी आहे : जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरचे पाइप आणि गॅसवरचा फ्रिज

मंडळी, १९८४ सालचा एक ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) घेतलाय. बाहेरून देखणा, आतून मात्र रडकुंडीला आणणारा.

पाण्याचे पाइप करड्या रंगाचे, पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकचे आहेत. पाण्यातल्या क्लोरीनने हे ठिसूळ होतात, म्हणून १९९० च्या दशकात ते वापरातून गेले. एक सांधा बदलला की शेजारचा गळतो. सगळे नळ बंद असतानाही १२ व्होल्टचा पंप मधूनच घुर्रकन सुरू होतो, म्हणजे दाब कुठेतरी उतरतोय. फरशीखाली ओल दिसत नाही. पाणी मागे येऊ न देणारी पंपातली झडपच बिघडली असेल का? हा दोष पाइपच्या गळतीपासून वेगळा कसा ओळखायचा? सगळी लाइन पेक्सची (लवचीक प्लास्टिक पाइपची) करावी असं मन म्हणतंय, पण भिंतीतलं लाकडी पॅनेल न फोडता जुने पाइप कोणी काढलेत का?

दुसरं दुखणं फ्रिजचं. गॅसच्या ज्योतीच्या किंवा विजेच्या उष्णतेने अमोनिया फिरवून गारवा करणारा आहे, कॉम्प्रेसर नाही. ट्रेलर लेव्हलमध्ये उभा केलाय, गॅसची ज्योत निळी आहे, मागची नळी तापते, पण आत गारवा शून्य. विजेवरही तेच. मागे पिवळी पावडर किंवा अमोनियाचा वास नाही, त्यामुळे गळती नसावी. फ्रिज काढून काही वेळ उलटा ठेवला की चालू होतो म्हणतात. हा उपाय कोणाला खरंच लागू पडलाय, की नुसतीच ऐकीव गोष्ट? कूलिंग युनिट नवीन घेण्याआधी विचारतोय.

गॅसची लाइन मी स्वतः उघडणार नाही, ती जाणकाराकडूनच तपासून घेणार आहे.