नाशकात गाडी घ्यायची: नवी इलेक्ट्रिक की जुनी पेट्रोल?

पाथर्डी_फाटा:
मंडळी, महिनाभर घरात एकच विषय. बायको म्हणते इलेक्ट्रिक घ्या, धूर नको. मी २०१७ची पेट्रोल वॅगनआर बघून आलोय. साडेतीन लाख, ५२ हजार किलोमीटर चाललेली, पहिलाच मालक. नवी छोटी इलेक्ट्रिक सगळं धरून नवाच्या घरात जाते. माझं जाणं-येणं अंबडपर्यंत, रोजचे १२ किलोमीटर. त्र्यंबक, गावाकडच्या फेऱ्या धरून वर्षाला सहा हजार. पेट्रोल लागेल ४०० लिटर, म्हणजे चाळीसेक हजार. विजेला दहा हजार धरले तरी वरचे साडेपाच लाख वसूल व्हायला १७-१८ वर्षं! एवढ्याशा वापरासाठी नवी गाडी म्हणजे पर्यावरणाच्या नावाखाली हौस. चुकत असेन तर पटवून द्या.

सिन्नरवाला:
तुमचा हिशेब तुमच्यापुरता. मी इंदिरानगरहून सिन्नर एमआयडीसीत जातो, महिन्याला दीड हजार किलोमीटर. आधी पेट्रोलला पावणेदहा हजार जायचे. आता साधारण २१० युनिट लागतात. स्लॅब चढतो, पण तरी तीन हजारांच्या आत भागतं. वर ऑइल नाही, क्लच नाही. माझे जादा पैसे सहा-सात वर्षांत फिटतील.

एकलहरे_रोड:
पैशाचं ठीक. 'धूर नको' म्हणणाऱ्या वहिनींना आमच्या गच्चीवर पाठवा, औष्णिक केंद्राच्या चिमण्या दाखवतो. २१० मेगावॅटचे तीन संच, सगळे कोळशावर. देशाच्या विजेची सरासरी धरली तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. लिटरभर पेट्रोल जळलं की २.३ किलो. आता सहा हजार किलोमीटरला लावा: पेट्रोलचे ९२० किलो, तेल काढण्या-शुद्ध करण्याचे धरून साडेअकराशे. इलेक्ट्रिकचे ८६० युनिट, म्हणजे सहाशे किलो. वर्षाला वाचले जेमतेम साडेपाचशे. आणि २४ युनिटची बॅटरी बनवतानाच दीड ते अडीच टन आधीच हवेत गेलेले असतात. बाकीचा पत्रा, काच, टायर वेगळे. सगळं मिळून सहा टन धरा, फेडायला अकरा वर्षं. वॅगनआर तर कधीच बनून झालीय.

गोदाकाठची:
दादा, वॅगनआर बनून झालीय हे खरं, पण विकणारा काय पायी फिरणार आहे? तुमचे साडेतीन लाख घेऊन तो उद्या शोरूममध्ये उभा. ते टन कुणाच्या खात्यावर? दुसरं, एकलहऱ्याचा धूर निदान उंच चिमणीतून जातो. द्वारकेच्या सिग्नलला स्कूटीवर पुढे उभ्या असलेल्या माझ्या लेकाच्या नाकाशी सायलेन्सर असतो. हा फरक तुमच्या किलोंत कुठे दिसत नाही.
आमचा रो हाऊस आहे, वर तीन किलोवॅटचं सोलर. सूर्यघर योजनेत ७८ हजार अनुदान मिळालं. दिवसाला सरासरी बारा युनिट येतात.

एकलहरे_रोड:
दिवसा गाडी ऑफिसात आणि चार्जिंग रात्री. नेट मीटरिंगने, म्हणजे दिवसा ग्रिडला दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा करून, बिल शून्य होतं ताई, रात्रीचा कोळसा नाही.

गोदाकाठची:
म्हणून रविवारी सकाळी दहाला लावते. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर पाच-सहा तासांत आठवड्याचे सतरा युनिट भरतात. पाथर्डीवाल्या भाऊंचं रनिंग तेवढंच आहे! पावसाळ्यात कोळशाची वीज घेते, कबूल.

पाथर्डी_फाटा:
ताई, आम्ही चौथ्या मजल्यावर. गच्ची सोसायटीची, पार्किंगमध्ये प्लग नाही. मागे एकाने खिडकीतून वायर सोडली होती, सेक्रेटरींनी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

सातपूर_गॅरेज:
टनांचं भांडण चालू द्या, गाडीचं कोणी बोलत नाहीये. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्या २०२३ पासूनच्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, म्हणजे २०१७च्या गाडीचं ॲव्हरेज थोडं पडणारच, आणि इंधनाचे जुने रबरी पाइप बघून घ्यायचे. २०३२ला पंधरा वर्षं भरतील, मग पुन्हा पासिंग आणि ग्रीन टॅक्स. ५२ हजारांवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. ब्रेकच्या पॅडलचं रबर बघा, ते मीटरसारखं मागे फिरवता येत नाही.
आणि दोन्ही बाजूंना विचारतो, जुनी इलेक्ट्रिक का नको? बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षांची वॉरंटी देतात. तीन वर्षं वापरलेली घेतली तर पाच उरतात, किंमतही बरीच उतरलेली असते. बनवतानाचे टन दुसऱ्याच्या खात्यावर, एकलहऱ्याचे दादाही खूश.

एकलहरे_रोड:
खूश नाही, पण गप्प बसतो. वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का ते मात्र कागदावर बघा, तोंडी नको.

पाथर्डी_फाटा:
काल परत जाऊन आलो. वाकून पॅडल बघितलं. रबराची नक्षी पार पुसलेली, डाव्या कोपऱ्यात तर लोखंड दिसतंय. ५२ हजारांत? मालक म्हणाला, 'साहेब, धुऊन धुऊन झालंय.' ती गाडी सोडली, मत नाही. सहा हजारांच्या रनिंगला मी अजून जुन्या पेट्रोलच्याच बाजूने आहे, दुसरी बघतोय. बायकोने मात्र पार्किंगमधल्या सॉकेटचा अर्ज सोसायटीत देऊन टाकलाय. खाली सही माझीच आहे.